सहीच्या जागी श्रीशंकर

भंवरकुआं चौकात सकाळी आठ वाजता उभं राहिलं की इंदूरमधली निम्मी तरुण पिढी तिथे आल्यासारखी वाटते. पाठीला बॅग, हातात पोह्यांचा द्रोण, कानात इयरफोन. कोणी पीएससीच्या क्लासला निघालेला असतो, कोणी बँकेच्या, तर कोणी खंडवा रोडवरच्या विद्यापीठात. मीही त्याच गर्दीतली. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून इथेच सिटी बस बदलते. समोर जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बॅनरवर एक नाव असतं : देवी अहिल्या. विद्यापीठाला १९८८ पासून तेच नाव आहे, विमानतळाला तेच आहे आणि माझ्या मार्कशीटवरही तेच छापलंय. तरीही खरं सांगायचं, तर दुसऱ्या वर्षापर्यंत पांढरं लुगडं, डोक्यावर पदर आणि तळहातावर शिवलिंग यापलीकडे मला त्यांच्याविषयी फारसं काही माहीत नव्हतं.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली. आपल्या मंडळाने लेख मागवले तेव्हा मी नाव दिलं. त्यावर एकाने हसत हसतच विचारलं, की तू रविवारी मिस्साला जाणारी मुलगी, तुझा अहिल्याबाईंशी काय संबंध? त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही हसून विषय टाळला, पण प्रश्न मनात राहिला. खरंच, माझा काय संबंध?

त्याच सुमारास अमेरिकन साहित्याच्या तासाला एक गंमत झाली. सरांनी मूळ विषय सोडून तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या देवधर्माविषयी सांगायला सुरुवात केली. जॉर्ज वॉशिंग्टन चर्चला जायचे, पण प्रभुभोजनाची वेळ आली की उठून बाहेर पडायचे. जेफरसन यांनी शुभवर्तमानांतले चमत्कार वगळले. पातं घेऊन फक्त येशूची शिकवण आणि चरित्र कापून काढलं, वहीत चिकटवलं आणि स्वतःसाठी एक पुस्तक केलं. लिंकन कुठल्याच चर्चचे सभासद नव्हते. केनेडी कॅथलिक होते, म्हणून १९६० मध्ये ह्यूस्टनला जाऊन त्यांना प्रोटेस्टंट पाळकांसमोर खुलासा करावा लागला, की राज्यकारभारात मी पोपचा हुकूम घेणार नाही. सगळा वर्ग रंगून ऐकत होता. मला मात्र वाटलं, की राज्यकर्त्याचा देव आणि प्रजेचं आयुष्य यांचं नातं बघायला एवढं लांब कशाला जायचं? वॉशिंग्टन तिकडे अध्यक्ष होते, तेव्हा इकडे नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर महेश्वरला एक बाई राज्य करत होती आणि तिच्या हुकुमावर सहीच्या जागी तिचं नावच नसायचं. तिथे श्रीशंकर असायचं.

मग मी वाचायला लागले. जे वाचलं आणि जे बघितलं, ते इथे सांगते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे परवापर्यंतच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात येतं. माझ्या आजीचं माहेर त्याच जिल्ह्यातलं, हरेगावच्या बाजूचं, जिथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. त्यामुळे चौंडीचं नाव काढताच आजीने आपल्याच भावकीतली गोष्ट असल्यासारखे कान टवकारले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, धनगर समाजातले. त्या काळी मुलींना कोणी शिकवत नसे, पण माणकोजींनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. मल्हारराव होळकरांनी या मुलीला गावच्या देवळात पाहिलं आणि सून करून घेतलं, असं परंपरा सांगते. साधारण आठव्या-नवव्या वर्षी खंडेरावांशी लग्न होऊन ती होळकरांच्या घरात आली. घराण्याचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. १७४५ मध्ये मुलगा मालेराव झाला आणि १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई.

सुनेचं डोकं मल्हाररावांनी लवकर ओळखलं. ते स्वतः आयुष्यभर मोहिमांवर असायचे, त्यामुळे वसुली, हिशोब, दारूगोळा अशी कामं हळूहळू सुनेकडे आली. १७६५ च्या सुमाराची पत्रं वाचताना गंमत वाटते. सासरा सुनेला तोफखान्याविषयी सूचना देतोय, आणि तेही अशा विश्वासाने की वाचणाऱ्याला वाटावं समोर एखादा अनुभवी सरदारच आहे.

पण त्याआधी १७५४ साल येऊन गेलं होतं. भरतपूरजवळ कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई २८ वर्षांच्या होत्या आणि त्यांनी सती जायची तयारी केली. त्यांना अडवलं ते मल्हाररावांनी. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर या म्हातारपणी मी कोणाच्या तोंडाकडे बघू, अशा अर्थाची विनवणी त्यांनी केल्याचं सगळेच चरित्रकार सांगतात. अहिल्याबाई थांबल्या.

ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. मी पहिल्यांदा तिचा नीट विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सती जाणं हा त्यांच्या दृष्टीने धर्मच होता. धर्म एक सांगत होता आणि घरातला म्हातारा रडत दुसरंच सांगत होता. त्यांनी म्हाताऱ्याचं ऐकलं. देवावरची श्रद्धा मात्र कमी झाली नाही, उलट वाढली. रंगीत वस्त्रं सुटली, दागिने सुटले. मांस खायला त्यांच्या समाजात बंदी नव्हती, तरी त्यांनी तेही सोडलं. पुढे ४१ वर्षं त्या तशाच राहिल्या.

२० मे १७६६ ला मल्हारराव गेले. गादी मालेरावाकडे आली, पण हा मुलगा आईला आयुष्यभराचं दुःख देऊन गेला. दानधर्मासाठी आलेल्या ब्राह्मणांची तो क्रूर थट्टा करायचा. वस्त्रांत आणि भांड्यांत विंचू घालून ठेवायचा, असं सांगतात. पुढे संशयावरून त्याने एका कारागिराला मारलं आणि नंतर कळलं की तो माणूस निर्दोष होता. त्या धक्क्याने मालेराव भ्रमिष्ट झाला. मेलेल्याचं भूत अंगात आलंय, असं लोक म्हणू लागले. अहिल्याबाईंनाही तसंच वाटत होतं. त्या रात्रंदिवस मुलाच्या अंथरुणाशी बसून त्या भुताची विनवणी करत राहिल्या, की तुझं देऊळ बांधते, तुझ्या बायकामुलांना जहागीर देते, पण माझ्या लेकराला सोड. १७६७ मध्ये, गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मालेराव गेला.

इथे इंदूरकरांना एक गोष्ट आठवेल. राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं, गाय रस्त्यात बसून राहिली, अहिल्याबाईंनी मुलाला तीच शिक्षा सुनावली आणि रथ निघाला तेव्हा तीच गाय आडवी आली, म्हणून आडा बाजार. आमच्या शाळेत दरवर्षी कोणीतरी हे नाटुकलं करायचंच. मीसुद्धा एकदा गाय झाले होते! गोष्ट सुंदर आहे, पण ती लोकांनी रचलेली आहे. मुलाच्या मृत्यूत आईचा हात होता, अशी कुजबुज त्या काळीही होती. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या माणसांना विचारून तिचा छडा लावला आणि ती कुजबुज खोटी आहे असं लिहून ठेवलं. न्यायासाठी मुलाला रथाखाली घालणारी राणी मला नाटकात आवडायची. आता भुतापुढे पदर पसरणारी आई मला जास्त खरी वाटते. आणि तिच्या त्या वेड्या नवसातही, मारल्या गेलेल्या माणसाच्या बायकामुलांची सोय होतीच.

मालेराव गेल्यावर दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा निघाले. होळकरांचे कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड त्यांना सामील होते. बाईने एखादं लहान मूल दत्तक घ्यावं, कारभार आम्ही बघू, असा त्यांचा बेत होता. अहिल्याबाईंनी ठाम नकार दिला. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं गेली आणि पुण्याला माधवराव पेशव्यांकडेही गेलं. पेशव्यांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. बाईशी लढून जिंकलात तर नाव नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप त्यांनी दादांना पाठवला असं सांगतात. दुसरी एक गोष्ट तर मला फारच आवडते. दादांनी खजिन्यातल्या पैशाची मागणी केली, तेव्हा बाईंनी कळवलं, की या पैशावर मी तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्याला दिलाय. तुम्ही ब्राह्मण आहात, दान म्हणून घेणार असाल तर संकल्प सोडते. पेशव्यांच्या घरातला माणूस भिक्षा म्हणून पैसे कसा घेणार? दादा गप्प बसले. श्रद्धा म्हणजे भोळेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

मग राज्याची वाटणी झाली. सैन्य तुकोजी होळकरांकडे आणि कारभार अहिल्याबाईंकडे. राजधानी नर्मदेच्या काठी महेश्वरला. तिथून त्यांनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं राज्य केलं.

त्यांचा दिवस कसा जायचा हे माल्कमने त्यांच्या माणसांकडून ऐकून लिहिलंय. पहाटेच्या आधी तासभर उठायचं. स्नान, पूजा, पुराण ऐकणं. मग दानधर्म आणि ब्राह्मणभोजन, तेही स्वतः उभं राहून. त्यानंतर साधं जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनला दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. कोणीही यावं, आपलं गाऱ्हाणं सांगावं. संध्याकाळी पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि फराळ. मग रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. हे वाचताना मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. घंटेवर चालणारा दिवस, प्रार्थना-काम-प्रार्थना. फरक एवढाच, की यांच्या दोन प्रार्थनांच्या मध्ये एक अख्खं राज्य होतं.

आणि ते राज्य त्यांच्या लेखी त्यांचं नव्हतंच. राज्य शंकराचं, आपण फक्त कारभारीण, ही भावना. म्हणून हुकुमावर श्रीशंकर. आता यात एक मोठा धोका आहे. देवाच्या नावाने सही करणारा माणूस काय वाटेल ते करू शकतो, कारण जाब कोण विचारणार? आपल्या ख्रिस्ती इतिहासातच बघा ना. फ्रान्सचा राजा नववा लुई हा संत. व्हँसेनच्या रानात ओकच्या झाडाखाली बसून तो गरिबांचे तंटे सोडवायचा. पण त्याच राजाच्या काळात पॅरिसमध्ये ज्यूंचे धर्मग्रंथ गाड्या भरभरून जाळले गेले. भक्ती खरी होती, न्यायबुद्धीही खरी होती, तरीही हे घडलं. त्यामुळे भाविक राज्यकर्ता म्हटलं की मला आधी हाच प्रश्न पडतो, की त्याच्या देवाला न मानणाऱ्यांचं त्याने काय केलं?

अहिल्याबाईंच्या बाबतीत मी हे मुद्दाम शोधलं, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. माल्कम स्वतः ख्रिस्ती. बाईंच्या पूजाअर्चेला तो सरळ अंधश्रद्धा म्हणतो. पण तोच पुढे नोंदवतो, की स्वतःच्या धर्मात एवढी कडक असलेली ही बाई परधर्माच्या प्रजेशी, शक्य असेल तर जास्तच, आपुलकीने वागायची, आणि तिला दीर्घायुष्य मिळावं म्हणून मुसलमानही दुवा मागायचे. काशीचंच बघा. औरंगजेबाने १६६९ मध्ये विश्वेश्वराचं देऊळ पाडलं होतं आणि त्या जागी मशीद उभी होती. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास मशिदीला धक्का न लावता शेजारच्या जागेत नवं देऊळ बांधलं. आज आपण दर्शनाला जातो ते हेच. सोमनाथलाही १७८३ मध्ये त्यांनी जुन्या भग्न देवळापासून थोड्या अंतरावर वेगळं मंदिर बांधलं आणि मुख्य शिवलिंग तळघरात सुरक्षित ठेवलं. गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर, काशीचे घाट, ठिकठिकाणच्या धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रं अशी यादी फार लांबते. यातली बहुतेक ठिकाणं त्यांच्या राज्याबाहेरची होती. आणि खर्च सरकारी तिजोरीतून नाही, तर होळकर घराण्यातल्या स्त्रियांच्या हक्काच्या खासगी उत्पन्नातून केला जाई. देवासाठीसुद्धा प्रजेच्या पैशाला हात लावायचा नाही, हा हिशोब मला देवळांपेक्षाही मोठा वाटतो.

दानधर्माच्या बारीकसारीक नोंदी वाचल्या की मन भरून येतं. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोया, थंडीत गरिबांना कपडे. नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला माणसं नेमलेली. पाखरांना सगळेच शेतकरी हुसकावतात, म्हणून उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडलेली. नर्मदेतल्या माशांनाही खाणं. आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, की हे सगळं संत फ्रान्सिसला ऐकवायला पाहिजे.

पण त्या नुसत्या दयाळू नव्हत्या. डोंगरातले भिल्ल वाटमारी करायचे. त्यांना आधी समजावलं, ऐकलं नाही तेव्हा कडक शिक्षा केल्या, आणि शेवटी वाटसरूंकडून ठरावीक भिलकौडी घ्यायचा त्यांचा जुना हक्क मान्य करून रस्ता सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचं बंड लष्कर पाठवून मोडलं. विधवांच्या बाबतीत तर त्या फारच जागरूक होत्या. एका सावकाराच्या विधवेला मूल दत्तक घ्यायचं होतं. तिथला अंमलदार मंजुरीसाठी पैसे मागत होता. ती बाई महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला काढून टाकलं, दत्तक मंजूर केलं आणि त्या पोराला मांडीवर घेऊन कपडे-दागिने दिले. इंदूरजवळ तुकोजींनीच एका श्रीमंत विधवेच्या मालमत्तेत वाटा मागितला, तेव्हा त्यांनाही मुकाट्याने छावणी हलवायला लावली. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीने भरलेलं पुस्तक लिहून आणलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग नर्मदेत टाकायला सांगितलं. आजची बॅनर बघून त्या काय म्हणाल्या असत्या, हा विचार भंवरकुआंला बसची वाट बघताना हमखास येतो.

इथपर्यंत लेख सोपा होता. आता जे सांगायचंय ते लिहायला मला तीन आठवडे लागले.

मालेराव गेल्यावर अहिल्याबाईंना उरली ती मुक्ताबाई. तिचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. त्यांचा मुलगा नथ्याबा म्हणजे आजीच्या डोळ्यांतला तारा. १७९० मध्ये तो तरुणपणीच वारला. पुढच्या वर्षी, १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले. आणि मुक्ताबाईने सती जायचं ठरवलं.

आईने काय काय केलं असेल? राणी म्हणून आज्ञा करता आली असती. त्यांनी आई म्हणून विनवण्या केल्या, पाया पडल्या. या जगात मला एकटीला टाकून जाऊ नकोस, म्हणाल्या. मुक्ताबाई शांत होती पण ठाम होती. तिचं म्हणणं साधारण असं, की आई, तू म्हातारी आहेस, थोड्या वर्षांत तुझंही आयुष्य संपेल. माझा नवरा गेला, मुलगा गेला. तू गेल्यावर मला जगणं अशक्य होईल, आणि तेव्हा मानाने मरायची वेळही निघून गेलेली असेल.

१७५४ मध्ये मल्हाररावांच्या अश्रूंपुढे अहिल्याबाई थांबल्या होत्या. १७९१ मध्ये अहिल्याबाईंच्या अश्रूंपुढे मुक्ताबाई थांबली नाही.

अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाला उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या किंचाळल्या, हात सोडवायला धडपडल्या, सुटत नाहीत म्हणून स्वतःच्या हातांना चावल्या. सगळं झाल्यावर नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस अन्नाचा कण घेतला नाही, शब्द बोलल्या नाहीत. मग हळूहळू सावरल्या आणि लेकीच्या स्मरणार्थ सुंदर छत्री बांधायला घेतली.

ज्यांच्या हुकुमावर श्रीशंकर होतं, त्यांनी त्याच नावाने ही प्रथा बंद का केली नाही? विधवांच्या पैशासाठी तुकोजींना हलवणारी बाई विधवेच्या जिवासाठी का उभी राहिली नाही? मी चिडून हे वहीत लिहिलंसुद्धा होतं. योगायोग असा, की त्याच १७९१ मध्ये तिकडे अमेरिकेत त्यांच्या घटनेत पहिली दुरुस्ती झाली : सरकारने कुठलाही धर्म स्थापन करायचा नाही आणि कोणाच्या धर्माला आडकाठी करायची नाही. पण तिथेही तेव्हा माणसं गुलाम म्हणून विकली जात होती, आणि वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम होते. म्हणजे धर्म आणि राज्य एकत्र ठेवा नाहीतर वेगळे करा, माणसाला आपल्या काळाची भिंत दिसत नाही ती नाहीच दिसत. आपल्याकडे बंगाल प्रांतात सतीबंदी आली ती १८२९ मध्ये. मुक्ताबाईनंतर ३८ वर्षांनी.

हिवाळ्यात मी आजीला घेऊन महेश्वरला गेले. किल्ल्यातल्या वाड्यात त्यांची साधी गादी आहे, पांढऱ्या चादरीची. देवघर आहे. मातीची इवली इवली शिवलिंगं करून, पुजून नर्मदेत सोडायची प्रथा तिथे आजही चालू आहे. एक गुरुजी बोटांनी भराभर लिंगं करत होते आणि आजी चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन बघत उभी होती. तिने हात जोडले नाहीत. पण रोझरीच्या वेळी असते तशी शांत होती. नंतर आम्ही घाटावर बसलो. मागे माग चालल्याचा आवाज येत होता. महेश्वरी लुगड्यांच्या या धंद्यालाही अहिल्याबाईंनीच विणकर आणून उभारी दिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही.

घाटावर मी आजीला मुक्ताबाईची गोष्ट सांगितली. मध्येच लक्षात आलं की सांगायला नको होती. माझा मोठा काका २३ वर्षांचा असताना अपघातात गेला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आई सांगते की आजी तेव्हा कितीतरी दिवस बोलली नव्हती. भेटायला येणारे सगळे देवाची इच्छा म्हणत, आणि आजी भिंतीकडे तोंड करून बसे. पण तिने मिस्सा चुकवली नाही. ती रोज जायची, बसायची, एकही प्रार्थना म्हणायची नाही आणि परत यायची.

गोष्ट संपल्यावर आजी बराच वेळ नर्मदेकडे बघत राहिली. मला वाटलं, ती सतीविषयी काही बोलेल, नाहीतर देवाविषयी. तिने एवढंच विचारलं, की चौथ्या दिवशी त्या बाईला जेवू कोणी घातलं?

मी वाचलेल्या पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण माझी चीड तिथेच उतरली. मी अहिल्याबाईंना राणी म्हणून जाब विचारत होते. आजीने त्यांना शेजारच्या बाईसारखं बघितलं. मुक्ताबाईचं जळणं चूक होतं, हे मी आजही म्हणेन. देवाच्या नावाने चाललेल्या ज्या गोष्टीने आईला स्वतःचे हात चावायला लागतात, ती गोष्ट देवाची नसते, असं मला वाटतं. पण ते समजायला आणखी एक-दोन पिढ्या जाव्या लागल्या, आणि त्या किंकाळीचाही त्यात वाटा असेल.

त्यानंतर अहिल्याबाई जवळजवळ चार वर्षं जगल्या. पहाटे उठणं, पूजा, दुपारचा दरबार, रात्रीचं कामकाज, सगळं तसंच चालू. वय झालं होतं तरी उपास सोडले नाहीत, आणि त्यांनीच शरीर लवकर खचलं असं म्हणतात. १३ ऑगस्ट १७९५ ला, श्रावणात, महेश्वरला त्या गेल्या. तेव्हा वय ७० होतं.

आमच्यात हंगेरीच्या संत एलिझाबेथ आहेत. त्याही राजघराण्यातल्या, त्याही ऐन विशीत विधवा झाल्या आणि त्यांनी सगळं सोडून रुग्णसेवेला वाहून घेतलं. १२३१ मध्ये, २४ व्या वर्षी, त्या वारल्या. लहानपणापासून मला वाटायचं की देवाला गाठायचं तर राजवाडा सोडावा लागतो. अहिल्याबाईंनी राजवाडा सोडला नाही. वाडा साधा केला आणि दुपारी दोनला दार उघडं ठेवलं.

तर माझा काय संबंध, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. त्या माझ्या धर्माच्या नव्हत्या. पण सही करताना वर कोणीतरी आहे आणि त्याला हिशोब द्यायचाय, हे मानणं काय असतं ते मला त्यांच्याकडून कळलं. माझ्या आजीच्या जिल्ह्यातून त्या माळव्यात आल्या, माझे आजोबाही पुढे गिरणीतल्या नोकरीसाठी त्याच वाटेने आले. मी पदवी घेईन त्या कागदावर त्यांचं नाव असेल. इतका संबंध मला पुरेसा आहे.

परवा भंवरकुआंला बसची वाट बघत होते. ऊन कडक होतं. पोह्यांच्या ठेल्याजवळ कोणीतरी माठ ठेवला होता, पाण्याचा, वर झाकण आणि साखळीला बांधलेला पेला. त्यावर ना बॅनर होतं, ना कोणाचं नाव. मी पाणी प्यायले, पेला उपडा घातला आणि बस पकडली.